केसरबाईची गाठ

डॉक्टर शिरीन यांनी दिवा मालवला आणि मनगटावरच्या गाठीला टॉर्च टेकवली. गाठ आतून लाल उजळली, पिकल्या बोरासारखी.

"उजेड आरपार जातोय. आत पाणी आहे फक्त. घाबरू नका, केसरबाई."

केसरबाई घाबरल्या नव्हत्या. मुळात त्या केसरबाईच नव्हत्या. त्या सुगंधाबाई होत्या. मूल तालुक्यातल्या वीसेक गावांत कोणाचाही सांधा निखळला, की तो त्यांच्याच अंगणात बसायचा. यंदा मोहफुलं वेचताना त्या स्वतः घसरल्या. मुरगळलेलं मनगट त्यांनी स्वतःच बसवलं. ते बसलं, पण वर गाठ उठली. अंगठ्यानं दाबली की जाई आणि आठवड्यानं पाहुणीसारखी परत येई. लोक आपला हात दाखवायला येत आणि बाईंचाच बघत बसत. चार दिवस पदर, चार दिवस हळदीची पट्टी, पुढे काय झाकणार? गावात बोभाटा झाला असता तर अंगणात कोंबड्या तेवढ्या उरल्या असत्या. म्हणून चंद्रपूरची एस.टी. आणि चिठ्ठीवर जावेचं नाव.

डॉक्टरबाईंनी जाड सुईनं गाठ रिकामी केली. आतून डिंकासारखा चिकट ऐवज निघाला. मार लागलेल्या सांध्यातलं पाणी असं बाहेर साठतं, म्हणाल्या. पुन्हा भरलंच तर ऑपरेशनचं बघू, तोवर पट्टा बांधा आणि हाताला आराम द्या. मग गाव विचारलं, आणि कपाळाला आठी घातली.

"तिकडून येणारी प्रत्येक गाठ आधी दाबलेली असते. कोणी सुगंधाबाई आहे म्हणे."

"आयकलं हाय," सुगंधाबाई म्हणाल्या. "दाबते खरी."

डॉक्टरबाई सुई टाकायला उठल्या. सुगंधाबाईंची नजर सवयीनं पायांकडे गेली. डावी टाच उशिरा टेकत होती. पण न विचारता सांगायचं नाही, हा त्यांच्या धंद्याचा नेम होता.

परतताना डॉक्टरबाईंनी दार लावून घेतलं. आवाज उतरला. दोन महिन्यांपूर्वी स्कूटीवरून पडल्या होत्या. एक्स-रे साफ होता, गोळ्या झाल्या, शेक झाला, जिना मात्र अजून चढवत नव्हता.

"त्या सुगंधाबाई पाहतील का हो? फक्त माझं नाव कुठे कळायला नको."

सुगंधाबाईंनी पट्ट्याचा हात मांडीवर ठेवला आणि डावा पुढे केला.

"पाय इकडे द्या, मॅडम. अन् नाव केसरबाई सांगजा. मीबी तेच सांगतलं."