नोआगाच्या मयताची तालीम

"तापसोबासाहेब, प्रकृती कशी आहे आपली?" बर्नादेत तोएने विचारलं.

चटईवर पडलेल्या नोआगा तापसोबाने तोंड भिंतीकडे फिरवलं.

बर्नादेतने चुलीपाशी बसलेल्या राकिएताकडे पाहिलं. बरोबर बोलले ना, असा तिचा चेहरा होता. पाठीवरचं बाळ सावरत राकिएताने मान डोलावली. सासऱ्यांशी सगळ्यांनी अदबीने बोलायचं, हा नियम तिचाच होता. कुदुगू शहरात तो कुणालाच पेलत नव्हता, बर्नादेतला तर मुळीच नाही. ती सामो, नोआगा मोसी. या दोन जमातींमध्ये थट्टेचं नातं. भेटलं की एकमेकांचा उद्धार करायचा आणि रागवायचं नाही. एक मेला, तर दुसऱ्याने मयताला जाऊन त्याची नक्कल करायची, रडणाऱ्यांना हसवायचं. गेल्या वर्षी वखारवाला मोसी गेला, तेव्हा बर्नादेतने त्याचा खोकला असा काढला, की त्याची विधवा पाणी घेऊन धावली.

बर्नादेत मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली होती. अदब तिला शिकवता यायची, वापरता यायची नाही.

नोआगा न्हावी. कंपवाताने त्याचा उजवा हात हलायला लागला, आणि साऱ्या गिऱ्हाइकांना एकदम केस वाढवायची हौस सुटली. मग नोआगाने दुकान बंद केलं. मग जेवण. मग बोलणं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे नैराश्य आहे. कंपवाताबरोबर पुष्कळांना येतं. म्हातारा हट्ट करत नाही, हा आजारच आहे." त्यांनी त्याची वेगळी गोळी दिली. नोआगा ती मुकाट्याने तोंडात टाकायचा. अंगणातली एक गिनी कोंबडी उगाचच खुशीत दिसायला लागली, तेव्हा राकिएताला कळलं की गोळी कुठे जाते.

नवरा ट्रक घेऊन आबिजानच्या रस्त्यावर. घरात ती, बाळ, सासरे आणि ती कोंबडी. राकिएताने दुकानातले वस्तरे बाजरीच्या कणगीत लपवले होते. आता दळणाआधी धान्य पुन्हापुन्हा पाखडत होती. झोपलेल्या बाळाचा श्वास ऐकायची, तसाच दाराला कान लावून सासऱ्यांचाही ऐकायची.

"येते मी," म्हणून बर्नादेत उठली. दोन पावलं गेली. परत आली आणि बदकन खाली बसली.

"पोरी, तुझा नियम घाल चुलीत," ती म्हणाली. "ए मोसी, ऐक. तू मरायला टेकलायस असं दिसतंय. माझीही अडचण समजून घे. तुझ्या मयताला नक्कल मलाच करायचीय, आणि तुझा हा हात मला काही केल्या जमत नाही."

तिने उजवा हात पुढे करून जोरजोरात हलवला.

राकिएताच्या हातातला डाव उकडीत बुडाला. "मावशी, पुरे करा."

मावशीने आणखी जोर लावला. बांगड्या खणखणल्या. कोंबडी पळाली.

"माश्या हाकलतेयस," भिंतीकडून आवाज आला.

राकिएता जागीच थिजली.

"मग तू कसा हलवतोस?" बर्नादेतने विचारलं.

नोआगा हळूहळू कुशीवर वळला. "आधी अंगठा. अंगठा बोटावर घासतो. उकडीचा घास वळावा तसा."

"असा?"

"हे बोकडाचं दूध काढणं झालं."

"बोकडाचं दूध मोसींच्या घरी काढतात. आमच्याकडे शेळ्या असतात."

नोआगाचा चेहरा ढिम्म राहिला. आजाराने तो लाकडी होऊन बसला होता. पण खांदे हलायला लागले. हे हसणं की रडणं, राकिएताला ठरवता येईना. ती अर्धवट उठली, तशीच थांबली.

नोआगा उठून बसला. कुणीही हात न देता. आपला थरथरता हात त्याने बर्नादेतच्या नाकासमोर धरला. "नीट बघ. चालताना हा पुढेमागे होत नाही, नुसता लोंबतो. आणि पावलं बारीक."

त्याने चालून दाखवलं. मागून बर्नादेत. अंगणाला एक फेरी झाली.

"हे बदक आहे," नोआगा मागे वळून म्हणाला. "तू पोरांना नापास करायचीस ना? तू स्वतः पास कशी झालीस?"

"परीक्षक मोसी होता. पेपर उलटा धरून तपासला त्याने."

आणखी एक फेरी. आणखी एक बदक. शेवटी नोआगा धापा टाकत चटईवर टेकला.

"राकिएता," तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याने तिला नावाने हाक मारली होती.

"काय बाबा?"

"ती गोळी आण. ही बाई भर मयतात माझी लाज काढणार. हिला शिकवल्याशिवाय मला मरता येत नाही."

राकिएताने गोळी दिली, पाणी दिलं. गळ्याची घाटी खाली जाऊन वर येईपर्यंत तिथून नजर काढली नाही. मग बाळाला लावते तसं त्यांना तोंड उघडायला लावलं, जीभही उचलायला लावली. कोंबडी जवळच घोटाळत होती. तिला काही मिळालं नाही.

बर्नादेतला पोचवायला राकिएता फाटकापर्यंत गेली. रडावं की मावशीला फैलावर घ्यावं, तिला कळत नव्हतं.

"मावशी, रोज याल? जमायला वेळ लागेल ना तुम्हाला?"

बर्नादेतने मागे पाहिलं. नोआगा डाव घेऊन उकड चाखत होता. मग तिने हात खाली सोडला. अंगठा बोटावर अलगद घासायला लागला. एक खांदा उतरला, चेहरा लाकडी झाला, पावलं बारीक पडायला लागली. राकिएताला क्षणभर वाटलं, सासरेच फाटकातून बाहेर निघालेत.

"उद्या परत चुकेन," बर्नादेत म्हणाली.