तानाकाबाईंची छत्री

"मिळाली का गं तानाकाबाईंची छत्री?" तव्यावर पोळी टाकत आईने विचारलं.

मी मोबाइल थांबवला. "आई, जपानीच्या परीक्षेसाठी ऐकायचा सराव आहे हा. छत्री कुठे राहिली, ते आपण ओळखायचं. मला अजून कळतच नाहीये."

"महिना झाला! बाई भिजत असेल तिकडे." आई तर गणपतीला नारळही बोलून बसली. बाबांच्या मते, बाईंनी आधी स्टेशनवर चौकशी करायला हवी होती.

परीक्षेच्या दिवशी दोघंही फाटकाशी थांबले होते. पेपर कसा गेला, हे कोणी विचारलंच नाही.

"छत्री?" आई म्हणाली.

"आज दुसऱ्याच बाई होत्या. त्यांचा चष्मा हरवलाय."

"सापडला?"

"कळलं नाही."

आईने बाबांकडे पाहिलं. "अहो, आता दोन नारळ लागतील."