बर्फाच्या डब्यातला पाशा

कुजक्या अंजिरांवर ओदीलनं आणखी थोडी लाल वाइन ओतली आणि ती घडीच्या स्टुलावर जाऊन बसली. ऑगस्टची दुपार होती. माळावरची झुडपं करपली होती, रानकिडे कान किटवत होते. पाशा, म्हणजे दोन शेपट्यांचं मोठं फुलपाखरू, याच वासाला भुलतो. येतो, पंख मिटून घुटका घेतो आणि भुर्रकन जातो. पंख पसरून बसलेला पाशा ओदीलला अकरा उन्हाळ्यांत एकदाही कॅमेऱ्यात टिपता आला नव्हता.

तिच्या शेजारच्या गास्पारला मात्र तो दरवर्षी मिळायचा. त्यानं काढलेले फोटो नगरपालिकेच्या जिन्यात ओळीनं लागले होते. "धीर लागतो बाई, धीर," असं तो चारचौघांत म्हणायचा, आणि ओदील खाली बघायची.

"खरबूज काढ गं!" गास्पार झुडपामागून ओरडला.

तिनं त्याचा बर्फाचा डबा उघडला. खरबूज आणि चीजच्या मध्ये गोळ्यांची एक पत्र्याची डबी होती. तिनं झाकण काढलं. आत पाशा होता. पंख मिटलेले, पाय जेमतेम हलत होते.

गास्पार धावतच आला. "अगं, लाव ते झाकण! गरम होईल तो."

"कधीपासून चाललंय हे?"

"पहिल्यापासून. गारठला की शहाण्यासारखा बसतो, उन्हात ठेवला की पंख पसरतो. मरतो थोडाच!"

ओदीलच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"गुडघे धरले तरी बसले मी इथं. वाटायचं, माझ्यातच काहीतरी कमी आहे. आणि तू मला धीर शिकवत होतास, लबाडा?"

तिनं पाशाला अलगद उचलून तापल्या दगडावर ठेवलं. पंख थरथरले, मग सावकाश पुरते उघडले. गडद तपकिरी, कडेनं नारिंगी पट्टा. हाताच्या अंतरावर. कॅमेरा तिच्या गळ्यातच होता.

"काढ ना!" गास्पार कुजबुजला. "जिन्यात तुझाही लागेल. कोण विचारतंय?"

तिचा हात कॅमेऱ्याकडे गेलाही. तिला तो फोटो फार हवा होता. तिनं लेन्सला झाकण लावलं, डोक्यावरची टोपी काढली आणि गास्पारनं रोखलेल्या कॅमेऱ्यासमोर धरली.

पाशा उडाला आणि ओकच्या झुडपांपलीकडे दिसेनासा झाला.

ओदील परत स्टुलावर जाऊन बसली.

"आता काय करतेस?" गास्पारनं विचारलं.

"वाट बघतेय," ती म्हणाली. "तू जा घरी. हे तुझं काम नाही."