अंगदच्या खोलीतली हवा

"आणखी एक?" जिना चढून आलेल्या सुनेच्या हातातली कुंडी बघून बीजींनी विचारलं. "आता पोराला कुंडीतच झोपव, म्हणजे झालं."

गुंजनने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. नवी कुंडी तिने अंगदच्या उशाशी सरकवली आणि ओल्या फडक्याने एकेक पान पुसायला घेतलं. दिवाळीपासून दिल्लीवर जे धुरकं बसलं होतं ते उठायचं नाव घेत नव्हतं. शाळा बंद होत्या. खिडक्यांच्या फटींना तिने चिकटपट्ट्या लावल्या होत्या, तरी सहा वर्षांचा अंगद खोकतच होता.

कुठलं झाड घरातली हवा साफ करतं, या शोधाने तिला झपाटलं होतं. मनी प्लांट, स्नेक प्लांट, अरेका पाम. शेजारणीने एक सांगितलं की ही दोन घेऊन यायची. सुकू नयेत म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी घालायची. एखादं पान पिवळं पडलं की हिचाच जीव अर्धा व्हायचा.

अंगदची ही खोली आधी देवांची होती. बीजी तिथे दोन्ही वेळा धूप जाळायच्या. नवरा गेल्यावर त्यांचा तेवढाच काय तो विरंगुळा. अंगदचा खोकला वाढला तेव्हा एके दिवशी गुंजनने पेटत्या धुपाटण्यावर पाणी ओतलं.

"तुमच्या देवांना धूर लागतो, बीजी. माझ्या लेकाला श्वास लागतो."

पुनीतनेही बायकोचीच री ओढली. देव उचलून बीजींनी बाल्कनीत, कपड्यांच्या दोरीखाली मांडले.

नवी कुंडी आली त्याच दुपारी अंगदला धाप लागली. ओठ निळे पडले. गुंजन त्याला उचलून पळाली, मागोमाग अनवाणी बीजी.

डॉक्टरीणबाईंनी औषधाची वाफ दिली. पोराची छाती जरा शांत झाली. मग त्यांनी विचारलं, "घरात धूर होतो?"

"आता नाही. मी बंद केला," गुंजन सासूकडे बघत म्हणाली.

"आणि ओल? बुरशी? याच्या छातीला ती अजिबात सोसायची नाही. झोपतो त्या खोलीत कुंड्या आहेत?"

"आहेत."

"किती?"

गुंजनला आकडा सांगता येईना.

घरी आल्यावर अंगदला बीजींच्या पलंगावर निजवून तिने त्याच्या खोलीतला पलंग ओढला. मागची भिंत खालपासून काळी पडली होती. कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साचलं होतं, मातीवर पांढरी लव धरली होती. कुबट वास तिला रोजच यायचा, पण तो तिला ओल्या मातीचा वाटायचा. ती तिथेच फरशीवर बसली.

पुनीत कामावरून धावत आला. भिंत बघून त्याचा तोल सुटला. "हे काय करून ठेवलंस? तुझ्यासाठी मी माझ्या आईला नाही नाही ते बोललो, आणि पोराला विष तूच पाजत होतीस? इतकं पाणी घालतं का कुणी?"

दारात बीजी येऊन उभ्या होत्या. आता त्या बोलणार, हे गुंजनला ठाऊक होतं. त्यांचा तो हक्कच होता.

"तिच्यावर कशाला ओरडतोस?" बीजी म्हणाल्या. "ती बेतानंच घालायची. तिची पाठ वळली की मी वर लोटाभर ओतायची. झाड म्हटलं की पाणी, एवढंच मला कळतं."

"बीजी, तुम्ही?" पुनीत चमकून म्हणाला.

"मीच. काय बोलायचं ते मला बोल. नाहीतर त्या कुंड्या उचल आणि खाली ठेवून ये."

पुनीत दोन कुंड्या उचलून जिना उतरला.

त्याच्या पावलांचा आवाज खाली गेल्यावर बीजी आत आल्या. गुडघ्यावर हात टेकत, कण्हत सुनेशेजारी फरशीवर बसल्या. देव बाहेर गेले त्या दिवसापासून या खोलीत त्यांनी पाऊल टाकलं होतं ते आत्ताच, पहिल्यांदा.