मागची खोली

संपात धाकूची गिरणी बंद पडली ती पडलीच. मग त्याने घाटकोपरच्या दोन खोल्यांतली मागची खोली रेशनच्या दुकानवाल्या शेठला भाड्याने दिली. शेठने स्वतःचं कुलूप ठोकलं. आत काय ठेवलंय, ते ना धाकूने विचारलं, ना त्याच्या बायकोने, शेवंतीने. भाड्यावर चूल पेटत होती ना, बस्स!

आज दिवाळीच्या साखरेसाठी शेवंती सकाळपासून रेशनच्या रांगेत ताटकळली. नंबर लागला तेव्हा शेठने हात वर केले.

"वरूनच माल येत नाय बाई. म्हणून तर बाहेर भाव दुप्पट झालाय."

शेठच्या सात पिढ्या उद्धरत ती रिकामी पिशवी घेऊन घरी आली, आणि जागीच थबकली. मागच्या खोलीच्या बंद दाराखालून मुंग्यांची रांग बाहेर येत होती. एकेकीच्या तोंडात साखरेचा दाणा.

तेवढ्यात बाहेरून शेजारच्या जानकीची हाक आली, "शेवंते, उद्या महागाईविरुद्ध लाटणं मोर्चा आहे. येतेस ना गं?"

"येते म्हणजे? सगळ्यांच्या पुढे असेन!"

आणि जानकी आत यायच्या आधी शेवंतीने फडक्याने मुंग्या पुसल्या, दाराखालच्या फटीत चिंध्या कोंबल्या.