माफी मिळाल्यावर

गेनूने भर कोर्टात आपल्या मालकाकडे बोट दाखवलं. "साहेब, खून तात्यांनीच केला. मी नुसता जीपमध्ये बसून होतो." माफीचा साक्षीदार व्हायचं तर सगळं खरं सांगायचं, असं ठरलं होतं. सांगितलं, आणि छातीवरचा धोंडा उतरला.

बाहेर बायको त्याचा इस्त्रीचा शर्ट घेऊन उभी होती. शर्टासाठी त्याने हात पुढे केला, तर हवालदाराने त्यात बेडी अडकवली.

"अहो, मला माफी मिळालीय!"

"मिळालीय की. पण खटला संपेपर्यंत माफीच्या साक्षीदाराला आतच ठेवतात. कायदाच आहे तसा."

"आणि तात्या?"

"ते जामिनावर आहेत ना."

पोलीस व्हॅनच्या जाळीतून गेनूला दिसलं, तात्यांनी त्याच्या बायकोसमोर गाडीचं दार उघडलं होतं.

"एसटीची वाट कशाला बघतेस, पोरी? बस. घरी सोडतो."