गल्ला जुळला

गेल्या महिन्यात दुकानाच्या गल्ल्यात दोनदा पैसे कमी आले, तेव्हापासून मालकांचा कॅशियरबाईंवरचा विश्वास उडाला. "यापुढे एक रुपया जरी कमी आला, तरी सरळ घरी बसायचं," त्यांनी बजावलं. वर मेहुण्याच्या सल्ल्याने बाईंची परीक्षाही घ्यायची ठरवली. बाई डबा खायला आत गेल्या की ते हळूच गल्ल्यातली शंभराची नोट काढून स्वतःच्या खिशात घालत आणि संध्याकाळी बाई "पैसे कमी आहेत" असं सांगायला येतात का, याची वाट बघत.

बाई काही आल्या नाहीत. गल्ला रोज पैशाला पैसा जुळत होता.

मालकांनी शंभराचे दोनशे केले. तरी गल्ला जुळलाच. आता मात्र त्यांना घाम फुटला.

"अरे, मी माझ्या हाताने काढलेले पैसेसुद्धा कमी दिसत नाहीत," ते मेहुण्याला म्हणाले. "म्हणजे ही बाई किती पोचलेली असेल, विचार कर."

मेहुण्याने विचार न करता मान डोलावली.

शनिवारी बाईंना कामावरून काढून टाकलं.

"आता घर कसं चालायचं गं?" सासूबाईंनी काळजीने विचारलं.

रिकामी पर्स खुंटीला अडकवत बाई म्हणाल्या,

"आता चालेल, आई. गल्ल्यात रोज कमी पडायचे, ते मीच तर भरत होते."